घरात चार चांगल्या बाटल्या ठेवायच्या तर पैसे नेमके कुठे वाचतात?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागतो. वाटेत भवानीनगरचा छत्रपती कारखाना, मग निमगाव केतकी, आणि इंदापूरजवळ बिजवडीचा कर्मयोगी कारखाना. निमगाव केतकीची ओळख तशी पानमळ्यांची आणि डाळिंबांची. पण इथल्या एखाद्या घरात पाहुण्यांसाठी कमी किमतीच्या व्हिस्कीची बाटली ठेवलेली असेल, तर तीही बऱ्याचदा उसाचीच असते. लेबलवर चित्र स्कॉटलंडच्या डोंगराचं असतं, हा भाग वेगळा.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि बाटल्यांच्या किमती चढल्या. परमिट रूममध्ये बसणं तर आणखी महाग. त्यामुळे घरीच तीन-चार चाललेल्या, पण बऱ्या बाटल्या ठेवाव्यात असा विचार अनेक जण करतात. इंटरनेटवर याविषयी ढीगभर सल्ले आहेत, पण ते अमेरिका-युरोपातल्या दुकानांसाठी लिहिलेले. महाराष्ट्रात कर वेगळा, कायदा वेगळा आणि बाटलीतला मालही वेगळा. म्हणून यादी करण्याआधी या गोष्टी समजून घेतल्या तर खिशाला फरक पडतो.

बाटलीत असतं काय?

साखर तयार झाल्यावर कारखान्यात उरते ती मळी. ती आंबवून, वारंवार ऊर्ध्वपातन करून जवळपास वास आणि चव नसलेला मद्यार्क काढतात. याला एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, थोडक्यात ईएनए म्हणतात. तो धान्यापासूनही काढतात. भारतातल्या कमी किमतीच्या बहुतेक व्हिस्क्यांमध्ये मुख्य घटक हाच असतो. त्यात थोडं माल्ट स्पिरिट, रंगासाठी कॅरॅमल आणि काही वेळा स्वाद मिसळले की बाटली तयार. युरोपात मळीपासून केलेल्या मद्याला 'व्हिस्की' म्हणून विकता येत नाही, तिथे ती धान्याचीच लागते. आपल्याकडे असं मद्य 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य' या गटात येतं.

यात विषारी किंवा बेकायदा काही नाही. प्रश्न फक्त पैशांचा आहे. लाकडी पिंपात मुरलेल्या व्हिस्कीचे म्हणून जे पैसे आपण मोजतो, ते मिसळलेल्या ईएनएला जातात.

रमचं तसं नाही. रम जगभर उसाच्या रसाची किंवा मळीचीच करतात. म्हणजे जो कच्चा माल व्हिस्कीत तडजोड ठरतो, तोच रमचा खरा कच्चा माल आहे. कमी बजेटमध्ये भारतीय रम भारतीय व्हिस्कीपेक्षा सरस का वाटते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

किमतीत दारू किती, कर किती?

१० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार, ज्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं जाहीर निर्मिती मूल्य लिटरला २६० रुपयांपर्यंत आहे, त्यावरचं उत्पादन शुल्क त्या मूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट झालं.

हिशोब करून पाहू. समजा एका मद्याचं निर्मिती मूल्य लिटरला २०० रुपये आहे. ७५० मिलीच्या बाटलीत, म्हणजे खंब्यात, १५० रुपयांचा माल आला. त्यावर शुल्क ६७५ रुपये. त्यावर विक्रीकर, वाहतूक, दुकानदाराचा नफा. कंपनीने माल सुधारायला बाटलीमागे १० रुपये जादा खर्च केले, तर शुल्कच ४५ रुपयांनी वाढतं. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, या गटात दोन बाटल्यांच्या किमतीत शंभर रुपयांचा फरक दिसला तरी आतल्या मालातला फरक त्याच्या एका लहान हिश्श्याएवढाच असतो. दुसरी, कंपनीला माल सुधारण्यापेक्षा खोकं आणि जाहिरात सुधारणं स्वस्त पडतं. त्यामुळे ७०० ऐवजी ८०० रुपयांची बाटली घेऊन 'अपग्रेड' केल्याचं समाधान फारसं खरं नसतं.

त्याच निर्णयात १८० मिलीच्या किमान किमतीही ठरल्या: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर १४८, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ आणि उच्च प्रतीचं विदेशी मद्य ३६०. 'महाराष्ट्र मेड लिकर' हा तेव्हा आणलेला नवा गट. ते धान्यापासूनच करायचं, असं बंधन आहे.

मग कपाटात काय ठेवायचं?

पहिली बाटली रमची. १९५४ पासून मिळणारी ओल्ड मंक आजही या किमतीत मोजकेच स्पर्धक असलेली रम आहे. थंडीत गरम पाण्यासोबत, उन्हाळ्यात लिंबू-सोड्यासोबत, दोन्ही ऋतूंत चालते.

दुसरी व्हिस्कीची, आणि इथे मात्र थोडे पैसे साठवावेत. लेबलवर 'बॉटल्ड इन इंडिया' लिहिलेल्या स्कॉच असतात. टीचर्स, ब्लॅक डॉग, १०० पायपर्स, व्हॅट ६९ ही नावं ओळखीची आहेत. ही स्कॉच स्कॉटलंडमध्येच तयार होते, तिथेच किमान ३ वर्षं लाकडी पिंपात मुरते आणि मोठ्या टाक्यांतून भारतात येऊन इथे बाटलीत भरली जाते. ती अस्सल स्कॉच असते, पण तिकडेच बाटलीबंद होऊन आलेल्या ब्रँडपेक्षा साधारणपणे स्वस्त पडते. सिंगल माल्टला ही पळवाट नाही. २०१२ पासून स्कॉच सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. माल्टच हवी असेल तर बंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन आहे. त्या जगात नावाजल्या गेल्या आहेत, पण 'बजेट' या शब्दात बसत नाहीत. वर्षातून एखादी.

तिसरी जिन. २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' आली आणि त्यानंतर भारतीय जिनची रांगच लागली. जिन म्हणजे तटस्थ मद्यार्कात जुनिपरची फळं, धणे, लिंबाची साल यांचा अर्क. पिंपात मुरवावी लागत नाही, म्हणून मध्यम किमतीतही चांगली मिळू शकते.

व्होडकाला चवच मुळात कमी, त्यामुळे काटकसर करायची तर इथे. महागड्या व्होडकाचे जादा पैसे बऱ्याच अंशी काचेच्या बाटलीचे असतात. रंगीबेरंगी लिक्युअर तर घेऊच नयेत. एकदा कौतुकाने उघडतात आणि मग वर्षानुवर्षं धूळ खात बसतात.

त्यापेक्षा परिसराकडे पाहावं. कॉकटेलमध्ये वापरतात ते 'ग्रेनेडिन' सिरप मुळात डाळिंबाचंच. एक वाटी ताजा रस, एक वाटी साखर, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, गार करून फ्रीजमध्ये. दुकानातलं लाल सिरप त्यापुढे फिकं पडतं. विड्याचं कोवळं पान चुरगळून जिन, लिंबू आणि सोड्यात टाकलं तर निमगावच्या पानमळ्याचा वेगळाच उपयोग होतो. गुळाचा पाक रमसोबत छान जमतो. चुना-कात मात्र बाहेरच ठेवावा.

चव माहीत नसलेला ब्रँड थेट खंबा घेऊन घरी आणू नये. आधी क्वार्टर घ्यावी, आवडली तर पुढच्या वेळी मोठी. मिलीमागे क्वार्टर थोडी महाग पडू शकते, पण न आवडलेल्या खंब्यापेक्षा स्वस्तच. आणि ३० मिलीचं माप घरात असू द्यावं. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात. १५०० रुपयांची बाटली म्हणजे पेग ६० रुपयांना. अंदाजाने ओतलं की हा हिशोब आणि पिणाऱ्याचा हिशोब, दोन्ही चुकतात.

'गोव्याची आहे, निम्म्या किमतीत देतो'

बजेटचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. दुसरं वाक्य 'मिलिटरी कॅन्टीनची आहे'.

गोव्यात कर कमी, म्हणून दारू स्वस्त. पण महाराष्ट्रात कर न भरता ती आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे. सिंधुदुर्गात बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते ती यासाठीच. पर्यटकाने आणलेल्या दोन बाटल्याही यातून सुटत नाहीत. कॅन्टीनची दारू संरक्षण दलातल्या व माजी सैनिकांसाठी असते, तिची बाहेर विक्री करता येत नाही.

कायद्याहून मोठा धोका वेगळाच आहे. 'गोव्याची' म्हणून हातात आलेली बाटली गोव्याची आहे, हे सांगणारा फक्त विकणारा असतो. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत हलकी दारू भरून पुन्हा सील करणाऱ्या टोळ्या राज्यात पकडल्या गेल्या आहेत. त्यात मिथेनॉल असलं तर गोष्ट चवीवर थांबत नाही. डोळे जातात, जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभरहून अधिक माणसं दगावली. ती दारू हातभट्टीच्या नावाने विकली गेली होती, पण मिथेनॉल बाटलीवरचं लेबल पाहून काम करत नाही.

म्हणून खरेदी परवानाधारक वाइन शॉपमधूनच करावी, छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नये, बिल मागावं. झाकणाची कडी तुटलेली नाही ना, लेबलवर बॅच क्रमांक आणि महाराष्ट्रातल्या विक्रीचा उल्लेख आहे ना, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला देताना लेबल फाडून, झाकण वेगळं करून द्यावी. तीच बाटली भरून कुणाच्या तरी घरी परत जाऊ नये, यासाठी एवढं करता येतं.

परवाना खरंच लागतो का?

लागतो. दुकानात कुणी विचारत नाही म्हणून तो लागत नाही असा समज आहे. महाराष्ट्रात मद्य विकत घेणं, बाळगणं आणि पिणं, तिन्हीसाठी परवाना हवा. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. घरात बाटल्या ठेवायच्या असतील तर आजीवन परवाना ही या सगळ्या बजेटमधली सगळ्यात शहाणी खरेदी. त्यातही किती साठा ठेवता येतो याला मर्यादा असते, म्हणून गोदाम करू नये. वयाची अट बिअर आणि वाइनसाठी २१, तर रम, व्हिस्की, जिनसाठी २५ वर्षं आहे.

निमगाव केतकीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम असतो. पालखी मार्गावर मुक्कामाच्या दिवशी जिल्हा प्रशासन मद्यविक्री बंद ठेवतं. अशा दिवसांची यादी माहीत असलेली बरी. ऐन वेळी चढ्या भावाने 'ब्लॅक'ने मिळणारी बाटली नकलीच निघण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त असते.

कपाट कुठे, कसं?

बाटलीत बंद झालेली व्हिस्की किंवा रम पुढे मुरत नाही. मुरणं होतं ते लाकडी पिंपात. वीस वर्षं जपून ठेवलेली बाटली वीस वर्षं जुनी होते, चांगली होत नाही. इंदापूर-बारामतीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, त्यामुळे पत्र्याच्या खोलीतलं किंवा खिडकीसमोरचं काचेचं शोकेस ही सगळ्यात वाईट जागा. लाकडी कपाट, आतली भिंत, अंधार. बाटल्या उभ्या ठेवाव्यात, कारण आडव्या बाटलीत तीव्र मद्य बुचाला लागून बूच खराब होतं. आडवी ठेवायची ती बुचाची वाइन. उघडलेली वाइन फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांत संपवावी लागते, म्हणून क्वचित पिणाऱ्याने ती साठ्यात धरूच नये. तळाला थोडी उरलेली व्हिस्की हवेने फिकी पडत जाते. ती लहान बाटलीत काढून ठेवावी किंवा पाहुण्यांना द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. घरात बाटली हाताशी असली की पिण्याचे दिवस वाढतात, हेही अनेक घरांनी पाहिलं आहे. कपाटाला कुलूप लावावं ते आधी मुलांसाठी. किल्ली कुणाकडे असावी, हे मात्र ज्या त्या घराने ठरवायचं.