उच्च शिक्षणाचा खर्च : साह्य कोठें आणि कसें मिळतें

बारावीचा निकाल लागला कीं जळगांव जामोदसारख्या तालुक्याच्या गांवीं घरोघर एकच हिशेब सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळण्याजोगे गुण आहेत. परंतु फी, खोलीचें भाडें, खाणावळ आणि पुस्तकें यांची बेरीज कापसाच्या उत्पन्नांत बसावी कशी? आमच्या तालुक्यांत एका अंगाला सातपुड्याच्या पायथ्याचीं आदिवासी खेडीं, दुसऱ्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा. सारी भिस्त पावसावर. भेंडवळच्या घटमांडणीचें भाकीत ऐकावयास लोक पहांटेपासून जमतात तें उगीच नव्हे. शिक्षणाच्या साह्याचें मात्र भाकीत करावें लागत नाहीं. त्याचे नियम लिहिलेले आहेत, आणि ते वेळेवर वाचणारे थोडे आहेत, एवढीच अडचण.

साह्य मागण्यांत कमीपणा मानणारी मंडळी अद्याप आढळतात. त्यांनीं इतकेंच आठवावें कीं, एल्फिन्स्टन महाविद्यालयांतून पदवी घेतलेले भीमराव आंबेडकर १९१३ सालीं अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें उभारण्यास हातभार लावला. माझ्या मतें त्यांतच खरें मर्म आहे, कारण खेड्यांतला मुलगा शहरांतून परत येतो तो बहुधा फीमुळें नव्हे, तर राहण्याजेवण्याच्या खर्चामुळें. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९४७ सालीं महाविद्यालय काढलें, तेथें विद्यार्थ्याच्या श्रमालाच शिष्यवृत्तीचें मोल दिलें.

आज राज्य सरकारच्या बहुतेक योजनांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या एकाच संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति मिळते. ती १९४४ सालापासून चालत आली आहे. तिच्यासाठीं कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावें लागतें. उत्पन्न त्याहून अधिक असलें तर निर्वाहभत्ता मिळत नाहीं, पण शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची स्वतंत्र योजना आहे. अडीच लाखांचा आंकडा ऐकून घरीं बसणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसते. खुल्या प्रवर्गांतील आर्थिक दुर्बल कुटुंबांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शुल्क-शिष्यवृत्ति आहे. तिची मर्यादा आठ लाखांची असून व्यावसायिक शिक्षणांत अर्धें शिक्षणशुल्क सरकार देतें.

मुलींच्या पालकांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची पूर्ण सवलत मिळूं लागली. अट दुहेरी आहे : उत्पन्न आठ लाखांच्या आंत, आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतून. संस्थेच्या कोट्यांतून, ओळखीनें, जवळचें महाविद्यालय म्हणून घेतलेली जागा या सवलतीला मुकते. ‘मुलीला एवढें कशाला’ असें म्हणणाऱ्या घरांत निदान पैशाची सबब तरी आतां उरूं नये.

राहण्याच्या खर्चाला तीन वाटा आहेत. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणी झालेले मजूर यांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवें वसतिगृह-निर्वाहभत्ता आहे. अमरावती जिल्ह्यांतील पापळचे हे आपले वऱ्हाडी कृषिमंत्री. शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेंतून, आणि आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम्’ योजनेंतून रक्कम थेट खात्यांत मिळते. त्यासाठीं आधीं वसतिगृहाचा अर्ज केलेला असला पाहिजे, हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. केंद्र सरकारचीहि एक गुणवत्ता-शिष्यवृत्ति आहे : बारावींत आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्या, साडेचार लाखांच्या आंतील कुटुंबांतल्या विद्यार्थ्याला पदवीसाठीं वर्षाला १२,००० रुपये. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ति संकेतस्थळावर निराळा भरावा लागतो.

आतां कागदपत्रांकडे वळतों. मुलें अडतात तीं येथेंच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा असेल तर ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारींत मिळविलेला दाखला जुलैंत निरुपयोगी. म्हणून एप्रिल उजाडतांच सेतु-केंद्रांत जावें. जातीचा दाखला आणि जात-वैधता या दोन भिन्न वस्तु आहेत. वैधतेस समितीपुढें पणजोबा-आजोबांच्या शाळेचे किंवा महसुलाचे दाखले लागतात. तें काम अकरावींतच सुरू केलेलें बरें. इतर मागासवर्गास उन्नत गटांत नसल्याचें प्रमाणपत्र वेगळें लागतें. आधारपत्र, गुणपत्रक आणि बँकेचें खातें या तिन्हींवर नांवाचें एकच रूप असावें. आणखी एक खोंच : पैसे येतात ते अर्जांत लिहिलेल्या खात्यावर नव्हे, तर आधाराशीं शेवटीं जोडलेल्या खात्यावर. मुलानें खामगांवीं नवें खातें काढलें आणि आधार मात्र गांवच्या बंद पडलेल्या खात्याशीं राहिला, तर मंजूर रक्कमहि अडकते.

अर्ज भरून काम संपत नाहीं. तो प्रथम महाविद्यालयाचा लिपिक तपासतो, मग खात्याचा अधिकारी. त्रुटीसाठीं परत आलेला अर्ज विद्यार्थ्याच्याच खात्यांत पडून राहतो, पत्र घरीं येत नाहीं. आठवड्यांतून एकदां पाहावें. आणि दरवर्षीं नूतनीकरण करावें लागतें.

एवढें करूनहि तूट राहिली, तरच कर्ज. चार लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला बँका सामान्यतः तारण मागत नाहींत. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक नामांकित संस्थांसाठीं विनातारण, विनाजामीन कर्ज आहे. आठ लाखांच्या आंतील कुटुंबांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळांत व्याजाची तीन टक्के सूट मिळते. परतफेड सामान्यतः शिक्षण संपल्यावर वर्षभरानें सुरू होते, पण व्याज पहिल्या हप्त्याच्या दिवसापासून चढत असतें. ज्यांना झेपेल त्यांनीं शिकत असतांनाच तें व्याज महिन्याकाठीं भरावें, आणि कागदावर सही करण्यापूर्वीं शेवटच्या हप्त्यापर्यंतचा पूर्ण आंकडा बँकेकडून लिहून घ्यावा.