आधी प्रेम, मग पालट

देव सज्जनांचा, पापी माणसाने आधी सुधारावं आणि मगच त्याच्या दारी जावं, असा ख्रिस्ती श्रद्धेबद्दल अनेकांचा समज असतो. दर रविवारी चर्चला जाणारेही कित्येकदा मनातून हेच धरून चालतात. या समजानेच सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, असं मला वाटतं. ज्यांना देवाची सर्वाधिक गरज, तीच माणसं त्यामुळे उंबऱ्याबाहेर राहतात. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा 5वा अध्याय याच्या अगदी उलट सांगतो: ख्रिस्त आपल्यासाठी मेला, तेव्हा आपण पापीच होतो.

हेच पंडिता रमाबाईंना इंग्लंडमध्ये दिसलं. त्या 1883 मध्ये तिथे गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती धर्मभगिनी सांभाळत होत्या, पुन्हा उभं करत होत्या. यांच्याविषयी तुम्हाला एवढी कळकळ कशी, असं रमाबाईंनी आपल्याला शिकवणाऱ्या सिस्टरला विचारलं. उत्तरादाखल सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर आलेली ही बाई. पाच नवरे झालेले, आता ज्याच्याजवळ राहते तो नवराही नव्हे. यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. येशूने मात्र तिच्याकडेच प्यायला पाणी मागितलं. तिचं आयुष्य त्याला ठाऊक होतं. ते त्याने तिला तोंडावर सांगितलंही, पण बोलणं तोडलं नाही. पुढे तिच्याच शब्दावर गावातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला. ही गोष्ट ऐकलेल्या रमाबाईंनी 1883 मध्येच बाप्तिस्मा घेतला आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभं केलं.

‘म्हणजे खुशाल पाप करा, देव माफ करायला बसलाच आहे!’ हा आक्षेप पौलालाही ठाऊक होता. त्याच पत्राच्या 6व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो स्वतः हा प्रश्न काढतो आणि साफ धुडकावतो. प्रेम मिळालेला माणूस उलट बदलतो. यरीहोचा धनाढ्य जकातदार जक्कय याच्या घरी येशू कोणतीही अट न घालता उतरला. लोक कुरकुरले. पण अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत, हे जक्कय त्यानंतर आपणहून बोलला.

कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, याबद्दलही असाच गैरसमज आहे. सिनेमात फादरसमोर दोन वाक्यं बोलली की माणूस मोकळा होतो. कॅथलिक शिकवण मात्र मनापासून पश्चात्ताप मागते, पुन्हा तसं न वागण्याचा निश्चय मागते आणि चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायलाही लावते.