गुन्ह्यामागचं कारण शोधणारी विद्या

सर हरिसिंग गौर नागपुरात वकिली करत. ते नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. भारतीय दंडसंहितेवर त्यांनी मोठा भाष्यग्रंथ लिहिला आणि 1946 मध्ये स्वतःच्या कमाईतून आजच्या मध्य प्रदेशातल्या सागरला विद्यापीठ उभारलं. त्याच विद्यापीठात 1959 मध्ये गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी हा एक. तेव्हाचा भंडारा जिल्हा, ज्यातून 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला, 1956 पर्यंत सागरसह एकाच राज्यात होता. आजही गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूर आणि पुढे कटनी असा रेल्वेमार्ग सागरला पोहोचवतो. बारावीनंतर गुन्हेगारीशास्त्राचा विचार करणाऱ्या आपल्या गोंदियातल्या मुलामुलींना हा शेजार ठाऊक नसतो, याची मला हळहळ वाटते.

घरात हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे शिकून पोरगं फौजदार होईल का? खरं उत्तर असं की, पोलीस उपनिरीक्षक पदाच्या एमपीएससी परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीला तिथे वेगळे गुण नाहीत. केवळ वर्दीसाठी हा विषय घेऊ नये. मालिकांमध्ये दिसणारं बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग तपासण्याचं काम न्यायसहायक विज्ञानाचं. त्यासाठी बारावीला विज्ञान शाखा हवी, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची आवड हवी. गुन्हेगारीशास्त्र हे समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा यांच्या सीमेवरचं शास्त्र आहे. गुन्हा का घडतो, समाज कशाला गुन्हा ठरवतो, शिक्षेने माणूस बदलतो का आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं पुढे काय होतं, हे त्याचे प्रश्न.

या प्रश्नांची उत्तरं शोधताना शास्त्राने भयंकर चुकाही केल्या. इटलीच्या लोम्ब्रोझोने 1876 मध्ये कवटी आणि जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं मांडलं. आपल्याकडे तर त्याआधीच, 1871 मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली धाड, ही सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. या विषयाच्या विद्यार्थ्याने हा इतिहास सर्वांत आधी वाचावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

अमेरिकेच्या एडविन सदरलँड यांनी 1939 मध्ये 'पांढरपेशी गुन्हेगारी' ही कल्पना मांडली. गुन्हा फक्त गरिबीतून होतो, हा समज त्यांनी मोडला. आपल्या धानाच्या जिल्ह्यात ही कल्पना समजायला फार लांब जावं लागत नाही. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचा धान आधारभूत किमतीने विकला जातो, तेव्हा कुलूप तुटत नाही की कुणाला इजा होत नाही. तरीही तो गुन्हाच. गुन्हेगारीशास्त्र अशा व्यवहाराकडे पाहायला शिकवतं.

दुसरं उदाहरण जंगलाचं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये घोषित झाला. त्याच्या भोवती धानाची शेतं आहेत. रानडुकरं उभं पीक लोळवतात, म्हणून काही जण बांधावर तारेत वीज सोडतात. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आरोपी सापडतो, खटला चालतो. पण त्याच शिवारात पुन्हा तार लागते. गुन्हेगारीशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांच्या प्रसंगनिष्ठ प्रतिबंधाच्या विचाराप्रमाणे इथे माणसाच्या स्वभावाइतकंच परिस्थितीकडे पाहायचं: नुकसानभरपाई किती दिवसांनी मिळते, सौर कुंपण परवडतं का, विजेची तार टाकणं इतकं सोपं का? वनविभागाला, संशोधन संस्थांना आणि वन्यजीवांवर काम करणाऱ्या संघटनांना असा विचार करणारी माणसं लागतात. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बालाघाट आणि छत्तीसगड, मधून हावडा-मुंबई रेल्वेमार्ग, पूर्वेला सालेकसा-देवरीचा माओवाद्यांच्या हालचालींचा जुना पट्टा. शोधप्रबंधाला विषय कमी पडणार नाहीत.

आता नोकऱ्यांविषयी. माझ्या मते या विषयाचं सर्वांत महत्त्वाचं काम बाल न्याय मंडळाभोवती आहे. 2015 च्या कायद्यानुसार मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. एखाद्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की परिविक्षा अधिकारी त्याच्या घरी, शाळेत, वस्तीत जाऊन सामाजिक तपास अहवाल तयार करतो. बाप दारू पितो का, शाळा कधी सुटली, मोटारसायकल चोरायला कुणी शिकवलं, हे त्यात येतं. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा की नाही, याचं प्राथमिक मूल्यांकन मंडळ करतं. अशा वेळी नीट लिहिलेल्या अहवालाचं मोल कळतं. परिविक्षा अधिकाऱ्यांची पदं महिला व बालविकास विभागाकडे असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षातही कंत्राटी पदं निघतात. पात्रता जाहिरातीगणिक बदलते आणि समाजकार्याची पदवी अनेकदा मागतात, म्हणून जाहिरात शब्दन्‌शब्द वाचावी. मानधन मोठं नसतं, हेही आधीच सांगितलेलं बरं.

तुरुंगाचं क्षेत्र दुसरं. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातले सुमारे 76 टक्के कैदी कच्चे, म्हणजे निकाल न लागलेले. जामिनाची रक्कम नाही, वकील भेटत नाही, गावी कळवणारं कुणी नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या क्षेत्रकार्य प्रकल्पाने 1990 पासून याच माणसांमध्ये काम केलं. टाटा संस्था 1936 मध्ये स्थापन झाली. 1951-52 च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात आले, तेव्हा तिच्या साथीने मुंबईत तुरुंग अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. तिथलं पदव्युत्तर समाजकार्याचं शिक्षण गुन्हेगारी आणि न्याय या विषयासाठी महाराष्ट्रात आजही पहिलं नाव आहे. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये आहे. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. असे कैदी शोधून त्यांचे कागद पुढे सरकवायला प्रशिक्षित हात हवेत.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांनी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीही दार उघडलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक झालं असून राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. देवरीच्या आडवाटेच्या गावातही हे तज्ज्ञ पोहोचावे लागतील. त्यासाठी नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था गोंदियाच्या मुलांना सर्वांत जवळची. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं केंद्रही आता नागपूरजवळ आलं आहे.

गोंदियातल्या एन. एम. डी. किंवा धोटे बंधू महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने लगेच घर सोडायला हवं असं नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा विज्ञानाची पदवी इथेच घ्यावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी सागर, मुंबई किंवा नागपूर निवडावं. प्राध्यापकी करायची असेल तर यूजीसी-नेटमध्ये गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. कायद्याची पदवी जोडली तर कामाची व्याप्ती दुप्पट होते. मधल्या सुट्ट्यांत जिल्हा न्यायालयात बसून खटले ऐकावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं. आणि गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारं मूल असेल, तर त्याने ती भाषा जपावी. सालेकशाच्या एखाद्या आईला तिच्याच बोलीत तिच्या मुलाविषयी विचारणारा परिविक्षा अधिकारी मुंबईहून पाठवता येत नाही.