चाक बसले म्हणजे जुळले असे नव्हे

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना आपण पाहिलेच असेल. लोहार लोखंडी कडे गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो, ते चाकावर ठोकून बसवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड निवते, आकसते आणि लाकडाला असे करकचून आवळते, की पुढे खडकाळ वाटेवरही ते जागचे हलत नाही. धाव टिकते ती खिळ्यांच्या जोरावर नव्हे, आवळण्याच्या जोरावर. एवढे ध्यानात ठेवले, तर जीपगाडीला बाहेरून आणलेले चाक कसे बसवावे, हा आपला विषय निम्मा समजला म्हणा ना!

जीपचे चाक पाच नटांवर टांगलेले असते, असा पुष्कळांचा समज असतो. खरे पाहता नट आवळला, की आतला स्टड केसभर ताणला जातो. ताणलेले रबर जसे मागे यायला बघते, तसा तो स्टड चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबातून घर्षण निर्माण होते, आणि गाडीचा जोर व ब्रेकचा हिसका मुख्यतः त्या घर्षणातूनच चाकाकडून हबकडे जातो. दाब कमी झाला, की चाक हबवर किंचित सरकू लागते. मग स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसा एक दिवस तुटतो.

वाडीवस्तीवरून शाळेची मुले, आजारी माणसे आणि बाजाराचा माल याच गाड्यांतून घाट उतरतो. अशा गाडीला रुंद टायरांसाठी, दिसायला बरी म्हणून किंवा जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्याच बनावटीची चाके लावली जातात. “बसतंय ना? मग झालं!” असे म्हणून गाडी रस्त्याला लागते. पण बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे.

उदाहरण घेऊ. जुनी विलिस जीप आणि १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी या दोन्हींच्या चाकांना पाच छिद्रे, आणि ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास दोन्हींत साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. तेव्हा एकीचे चाक दुसरीला लागेल असे वाटणे साहजिक आहे. पण जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा; जिप्सीचा १२ मिलिमीटरचा. दोन्हींच्या आट्यांतले अंतर जवळजवळ सारखे. म्हणून जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर खुशाल फिरतो. मात्र आटे एकमेकांत पुरते शिरत नाहीत. नुसत्या टोकांनी धरतात. जोर पडला की ते खरवडून निघतात. शिवाय जुन्या विलिसच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. ते ठाऊक नसलेला माणूस नट सोडवायला जातो आणि स्टडच मोडून बसतो.

तेव्हा चाक विकत घेण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, छिद्रांचे वर्तुळ. पाच छिद्रांत समोरासमोर जोडी नसते, मग व्यास मोजायचा कसा? लगतच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजावे आणि त्याला १.७ ने गुणावे. ८२ मिलिमीटर भरले तर वर्तुळ १३९.७ चे. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. पंचकोनाचा असा रोकडा उपयोग मुलांना दुसरीकडे क्वचितच दिसेल. वर्तुळ थोडे जरी चुकले, तरी नट तिरपे बसतात. असे चाक घेऊ नये.

दुसरी, मधले भोक. ते हबच्या उंचवट्यापेक्षा लहान असेल तर चाक टेकणारच नाही. मोठे असेल तर चाक मध्यावर आणण्याचे काम एकट्या नटांवर पडते; तिथे योग्य मापाचे कडे घालावे.

तिसरी, नटाची बैठक. काही नट निमुळते असतात, काही गोलसर, काही सपाट. छिद्राचा काठही त्याच घाटाचा हवा. निमुळता नट गोलसर बैठकीत घातला तर तो एका बारीक रेघेवरच टेकतो. नटाला थोडी शाई लावून आवळून पाहावे. काठावर रुंद, अखंड वर्तुळ उमटले तर ठीक. नुसती रेघ उमटली तर नट बदलावा, आणि शाई पुसूनच पुढचे काम करावे.

चौथी, आट्यांची पकड. मिश्रधातूच्या चाकाचा मधला भाग पोलादी चाकापेक्षा जाड असू शकतो, मग जुना स्टड आखूड पडतो. निदान स्टडच्या जाडीइतके आटे नटात शिरावेत. १२ मिलिमीटरच्या, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांना याचा अर्थ सुमारे दहा पुरे फेरे. हाताने फिरवत मोजावे.

पाचवी, ऑफसेट, म्हणजे चाकाचा हबला टेकणारा भाग चाकाच्या मध्यापासून किती आत वा बाहेर आहे ते अंतर. चाक जितके बाहेर काढाल, तितका भार बेअरिंगवर लांबून पडतो. भरलेली बादली अंगाशी धरा आणि मग हात लांब करून धरा. फरक लगेच कळेल. नवे चाक बसवल्यावर ते एका दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पुरते फिरवावे. टायर मडगार्डला, स्प्रिंगला वा ब्रेकच्या नळीला घासता कामा नये. चाकावर कोरलेली भारक्षमताही गाडीच्या भाराला पुरी पडते ना, ते बघावे.

आता प्रत्यक्ष बसवणे. हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात, तिथला गंज, चिखल आणि सुटा रंग तारेच्या ब्रशने साफ करावा. तिथे काही मध्ये राहिले, तर ते पुढे दबते आणि नट ढिले पडतात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. तेलकट नट त्याच जोरात जास्त आवळला जातो आणि स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. सर्व नट आधी हाताने लावावेत. मग एक सोडून एक, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा अशा चांदणीच्या क्रमाने टेकवावेत. नंतर जॅक उतरवून, चाक जमिनीवर टेकले की त्याच क्रमाने आवळावेत.

किती आवळावे? नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. १२ मिलिमीटरच्या स्टडला तो बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे २० किलोंचा जोर. त्याच पान्यावर साठ किलोंचा माणूस उभा राहिला, तर जोर तिप्पट झाला! “चांगला घट्ट बसवला” म्हणून आपण खूश होतो, आणि तिकडे स्टड कायमचा ताणला गेलेला असतो. म्हणून मापाचा टॉर्क पाना गावात एक तरी असावा. दुकानात हवेच्या यंत्राने नट आवळले, तरी शेवटचे माप या पान्यानेच घ्यावे.

एवढ्याने काम संपत नाही. नवे चाक बसल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. प्रत्येक नटावरून चाकावर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे लहान मूलही सांगेल. नटाखालून गंजाचे तांबूस ओघळ आले, चाकातून टकटक आवाज आला किंवा स्टिअरिंग थरथरू लागले, तर गाडी तिथेच उभी करावी.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले आहे. म्हणून चाकाचे व टायरचे माप ठरवताना उत्पादकाने मान्य केलेली मापे आधी पाहावीत. मोठ्या टायरने वेगाचा काटाही फसतो. व्यास पाच टक्के वाढला, तर काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ च्या वेगाने पळत असेल.

आपल्या गावात शाळेची मुले नेणारी अशी एखादी गाडी असेल, तर चालकमामांना सोबत घेऊन उद्या सकाळी तिच्या चारही चाकांवर त्या रेघा ओढून घ्या. रंगाची एक लहान डबी त्याला पुरेल.