झोपेला रिटायरमेंट नसते!

"वय झालं की झोप कमीच होते" हे वाक्य तुमच्याही घरी ऐकू येत असेल. माझे आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. कधी वस्तीची गाडी, कधी पहाटेची ड्युटी. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता निवांत झोपतील. झालं उलटंच! सकाळी आठपर्यंत लोळायचं, दुपारी जेवून तीन तास वामकुक्षी, आणि रात्री दोन वाजता पडवीत येरझाऱ्या. आजी म्हणायची, "अहो, ड्युटी संपली ना तुमची? झोपा की आता!" असं का होतं ते मी वाचून काढलं. ते हॉस्टेलवाल्यांच्याही कामाचं आहे, म्हणून हा लेख.

आपली झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे प्रेशर. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो, अगदी कुकरसारखा. दुपारी तीन तास झोपलं की वाफ निघून जाते, मग रात्री शिटी कुठून होणार? चहा-कॉफीतलं कॅफीन हा दाब कमी करत नाही, फक्त मेंदूला तो कळू देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ आतच होतं! हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त वेळ घेतं. ते रोज जुळवून घ्यावं लागतं, आणि ते काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो.

वयानुसार हे घड्याळ थोडं पुढे सरकतं, म्हणून म्हातारी माणसं लवकर पेंगतात आणि लवकर उठतात. गाढ झोपही कमी होते. पण झोपेची गरज फारशी कमी होत नाही. पासष्टीनंतरही सात-आठ तास लागतात. आपल्या वयात सात ते नऊ.

मग रिटायरमेंट झोपेला वाईट का? तसंही नाही. फ्रान्सच्या वीज आणि गॅस कंपनीतल्या सुमारे १४,७०० कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रिटायर होण्याच्या आदल्या वर्षी २४.२ टक्के लोकांना झोपेची तक्रार होती, नंतरच्या वर्षी १७.८ टक्के. कामाचं टेन्शन गेलं की झोप सुधारते! तब्येतीमुळे काम सोडावं लागलेल्यांना मात्र हा फायदा दिसला नाही.

म्हणजे टेन्शन जातं ते चांगलंच. पण त्याच्याबरोबर दिवसाचं टाइमटेबलही जातं, आणि घोळ तिथे होतो. सकाळी आपली कोणी वाट बघत नसेल तर उठायचं कशाला? खरं म्हणजे याचा वयाशी संबंधच नाही. आपल्या रत्नागिरीतच बघा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य १८८५ मध्ये गेलं तेव्हा तो फक्त सव्वीस वर्षांचा होता. १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो इथेच नजरकैदेत राहिला. १९१० मध्ये राजवाडा मिळाला, पण राज्य नव्हतं. तीस वर्षांची सक्तीची रिटायरमेंट!

यावर उपाय साधे आहेत. रात्री झोप कशीही झाली तरी उठायची वेळ बदलायची नाही. उठल्यावर अर्धा तास तरी बाहेर उजेडात जायचं. वयानुसार डोळ्यांतून आत जाणारा उजेड कमी होतो, म्हणून म्हाताऱ्यांना हे जास्त गरजेचं. वामकुक्षी वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. चहा दुपारनंतर नको. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून बसावं. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, म्हातारपणी तोल जाऊन पडायची भीती असते. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा झोपेची तक्रार महिनोन्‌महिने चालली असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आमच्या घरी उपाय आजीने काढला. ती स्वतः कधी रिटायर झालीच नाही! पहाटे साडेपाचला पाणी भरणं, मग दूध आणायला जाणं, हे तिचं रोजचं. एक दिवस तिने दुधाची किटली आजोबांच्या हातात दिली. आता सहाला ते दूध आणतात, येताना चौकात गप्पा मारतात. रात्री दहाला डोळे मिटतात. मध्ये एकदा उठतात, पण परत झोप लागते. आणि आजीला सकाळचा अर्धा तास मिळाला, तो तिला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता.

आता हॉस्टेलकडे या. पी.एल. लागली की लेक्चर नाही, प्रॅक्टिकल नाही, सकाळी कोणी वाट बघत नाही. तीनला झोपायचं, अकराला उठायचं, जेवून परत आडवं व्हायचं. म्हणजे आपण सगळे विसाव्या वर्षी रिटायर! आणि पेपर तर सकाळी असतो. तेव्हा पी.एल.मध्ये एक पार्टनर ठरवा, सातला चहाला खाली भेटायचं. जो येणार नाही त्याने दुसऱ्याच्या चहाचे पैसे द्यायचे!