स्त्रियांची मंडळे आणि स्वतःची वास्तू : एक विवेचन

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांच्या एकत्र येण्याला संस्थात्मक रूप प्राप्त झाले. न्यूयॉर्क येथे १८६८ साली 'सोरोसिस' हा स्त्रियांचा क्लब निघाला, तर १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. संस्था टिकण्यात स्वतःच्या वास्तूचे स्थान काय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वास्तू आणि स्वावलंबन :
पुण्यातील सेवासदनाचे कार्य १९०९ साली रानडे यांच्या वाड्यात सुरू झाले. रमाबाई रानडे यांनी दिलेल्या या आश्रयामुळे कार्याला आरंभ करता आला. परंतु असा आश्रय व्यक्तीच्या औदार्यावर अवलंबून असतो व तो प्रत्येक मंडळाला लाभत नाही.

दुसरा मार्ग लॉस एंजेलिस येथील 'एबेल' या क्लबच्या उदाहरणावरून दिसतो. १८९४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९२७ साली नाट्यगृहासह स्वतःची वास्तू उभारली. सभासदांच्या उपक्रमांखेरीज ती विवाह, नाट्यप्रयोग व चित्रीकरणासाठी भाड्याने दिली जाते. भाड्यातून देखभालीचा खर्च निघाल्यास वर्गणीवरील भार हलका होतो आणि देणगीदाराची मर्जी सांभाळण्याची गरज उरत नाही.

कायद्याची चौकट :
महाराष्ट्रात धर्मादाय हेतूने चालणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. कलम ३६ नुसार इमारत विकावयाची किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक असते. एखाद्या समारंभापुरते सभागृह देणे या तरतुदीत येत नाही. त्यामुळे मिळकत सुरक्षित राहते आणि उत्पन्नाचा मार्गही खुला राहतो.

मराठवाड्याचा संदर्भ :
निलंगा परिसर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. पुण्या-मुंबईतील स्त्रीसंस्था ब्रिटिश अंमलाखालील शहरी वातावरणात वाढल्या. येथील परिस्थिती निराळी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मात्र लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील महिला मंडळांना नवी भूमिका मिळाली. घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात अनेक स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केले. शासकीय यंत्रणा आणि कुटुंबे यांच्यातील दुवा त्या बनल्या. गावाची घरे सावरणाऱ्या या स्त्रियांच्या मंडळालाही हक्काचे छप्पर असावे, हा विचार येथून पुढे येतो.

समारोप :
मंदिराच्या सभामंडपात वा शाळेच्या खोलीत भरणारी बैठक इतरांच्या सोयीने भरते व त्यांच्या सोयीनेच थांबते. स्वतःच्या सभागृहात वेळ, विषय आणि प्रवेश यांचा निर्णय स्त्रिया स्वतः घेतात. तालुक्याच्या ठिकाणी विवाह, बारसे, प्रशिक्षण व विक्री-प्रदर्शने यांसाठी जागेची गरज असतेच. म्हणून साधे, भाड्याने देता येईल असे सभागृह हे महिला मंडळाच्या स्वातंत्र्याचे व्यावहारिक साधन ठरते.