बदलीच्या शहरातील संघ
जबलपूर हे बदलीवर वसलेले शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, छावणी त्याहून जुनी. २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही आले. येथील महाविद्यालयीन फुटबॉल संघात ‘बाहेरचा’ कोणास म्हणावे? वडिलांच्या बदलीमुळे आलेला विद्यार्थी आणि केवळ करंडकासाठी क्रीडा कोट्यातून आणलेला तयार खेळाडू यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये महाविद्यालय बदलणाऱ्या फुटबॉलपटूची वर्षभराची सक्तीची प्रतीक्षा पहिल्या बदलापुरती उठवली (तेथील फुटबॉल बहुतांशी हातानेच खेळतात, हा भाग निराळा), आणि प्रशिक्षक आयत्या खेळाडूंवर संघ उभारू लागले. आपल्याकडे क्रीडा कोटा जरूर असावा; परंतु खमरिया-रांझीच्या मैदानांवर वाढलेल्या मुलाची निवडचाचणी त्यापूर्वी व्हावी.